विरासत-ए-खालसा (पंजाबात आनंदपूर साहिबचं शीख इतिहासाचं म्युझियम): कोणी पाहिलंय? अनुभव लिहा

ढगाळ_दुपार:
भाच्याने सिंगापूरहून मरीना बे सँड्सचा फोटो पाठवला आणि मला थेट आनंदपूर साहिब आठवलं. आर्किटेक्ट एकच ना, मोशे साफदी! तिकडे तीन टॉवरांवर जहाज चढवलंय. इकडे मात्र वालुकाश्म मढवलेल्या भिंती टेकडीतूनच उगवल्यासारख्या, एखाद्या जुन्या किल्ल्यागत. मला वेड लावलं ते छपरांनी. गुरुद्वाऱ्याचे घुमट वर फुगलेले असतात, इथली स्टीलची छपरं उलटी, खोलगट. आभाळ झेलायला ठेवल्यासारखी. मधल्या दरीवरचा पूल 165 मीटर लांब आहे, आम्ही तिथेच रेंगाळलो. 2011 साली उघडलं हे. तुम्ही गेला असाल तर लिहा, फोटो असतील तर टाकाच.

खमंग_काकू:
ती नावेच्या आकाराची इमारत!! आत आधी अंधार, मग रॅम्पवरून वर चढत जायचं आणि भोवती भिंतभर पंजाबचं चित्र. चित्रकार ओरिजित सेन यांनी केलंय ते. प्रकाश बदलत पहाटेची रात्र होते. सासूबाई हलायलाच तयार नाहीत, 'थांब गं, दिवस उजाडू दे परत.' कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

पक्का_नांदेडकर:
खालसा पंथ 1699 ला आनंदपुरात स्थापन झाला, आणि 1708 ला गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला तो आमच्या नांदेडात. त्यामुळे तिकडे परकं वाटलंच नाही. सचखंड एक्स्प्रेसने गेलो होतो. वाटेत स्टेशनांवर लंगरवाले डब्याशी येऊन जेवण वाढतात, आपला घरचा जेवणाचा डबा तसाच परत.

ढगाळ_दुपार:
@पक्का_नांदेडकर दादा, कढी-चावल??

पक्का_नांदेडकर:
हो!! ताट-वाटी मात्र आपली न्यायची.

रेषा_आणि_कोन:
प्रकाशसिंग बादल पंजाबचे मुख्यमंत्री असताना इस्राएलमध्ये याद वाशेम (ज्यूंच्या हत्याकांडाचं स्मारक) बघायला गेले होते. तिथलं बालस्मारक साफदींचंच, ते बघून त्यांनाच इकडे बोलावलं. दालनं पाचपाचच्या गटात आहेत, शिखांच्या पाच सद्गुणांवरून. माझी एकच तक्रार: बाहेर एवढी शांत इमारत आणि आत दृश्यं, आवाज, दिवे यांचा मारा. हेडफोन काढून पुन्हा एक फेरी मारली तेव्हा कुठे भिंती दिसल्या.

खमंग_काकू:
असहमत. माझ्या पोरांना इतिहास कळला तो त्या हेडफोनमुळेच. नुसत्या भिंती बघायला ती आली नसती हो.

रेषा_आणि_कोन:
काकू, मुलांपुढे आर्किटेक्टचं काय चालणार :)

वारीकर_७७:
जरा अवांतर. गुरु ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. पंजाबात जाताय तर नामदेव जिथे राहिले त्या घुमानला जाऊन या, 2015 चं साहित्य संमेलन तिथेच झालं होतं. म्युझियम मी पाहिलेलं नाही.

झोपाळू_मांजर:
+१ घुमान. बाकी म्युझियम सोमवारी बंद असतं बरं का, आणि दालनांत फोटो काढू देत नाहीत. तेव्हा @ढगाळ_दुपार, फोटो येतील ते छपरांचेच.

नवखी_प्रवासी:
चंदीगडहून किती लांब? आईचे गुडघे दुखतात, जमेल का?

झोपाळू_मांजर:
85 किमीच्या आसपास, दोनेक तास धरा. आत रॅम्प आहेत पण चालणं बरंच होतं. संध्याकाळी जा, स्टीलवरचं ऊन डोळ्यांत जात नाही.

नवखी_प्रवासी:
थँक्यू! तिकडे वरण-भात मिळेल का कुठे?

पक्का_नांदेडकर:
ताई, पंजाबात जाऊन वरण-भात?? राजमा खा की!