मदत हवी आहे: रेडी (ता. वेंगुर्ला), दोन दिवस, स्वतःची गाडी नाही

डिसेंबरमध्ये आईबाबांना घेऊन रेडीला जायचंय. बाबा तरुणपणी खनिजाच्या धंद्यात होते. त्यांना गणपतीइतकंच, खरं तर जरा जास्तच, ते बंदर आणि लाल मातीच्या खाणी बघायच्या आहेत. १९७६ मध्ये खाणीच्या भागात सापडलेल्या द्विभुज गणपतीचं दर्शन होईलच, त्याची चिंता नाही.

रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरणार. तिथून शिरोड्यापर्यंत एसटी मिळेल, पण पुढे रेडीत दिवसभर फिरायला रिक्षा मिळते का, हे कळत नाहीये. दोन लॉजवाल्यांना फोन केले; दोघांनीही "या हो, बघू" एवढंच सांगितलं! मोपा विमानतळावरून टॅक्सी करायचाही विचार केला, पण बजेटात बसत नाही. स्कूटर भाड्याने घेणं शक्य नाही, तिघं आहोत.

आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालते, पायऱ्या मात्र जेमतेम वीस-पंचवीस. मुक्काम शिरोड्यात, वेळागरच्या बाजूला करायचा विचार आहे. जेवण शाकाहारी चालेल, मासे मिळाले तर बाबा खूश.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी किंवा तिथल्याच कोणी सांगावं: यशवंतगडाच्या आत आईला चालण्याजोगी वाट आहे का, की तिला खालीच बसवावं लागेल? जेटीच्या आत सोडत नसतील, तर बंदर नीट दिसेल अशी जागा कुठली? आणि तेरेखोलच्या किल्ल्यासकट दिवसभराची रिक्षा साधारण किती घेते?