मदत हवी आहे: नायजेरिया पहिला आणि नॉर्वे तळाला?

श्रुती_कालिना
एम.ए.चा प्रकल्प सोमवारी द्यायचाय. तेलाचा पैसा लोकांच्या भल्यासाठी कोणता देश जास्त कार्यक्षमतेने वापरतो, हे डीईएने (डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस: कमी इनपुटमध्ये जास्त आउटपुट कोण काढतो याची आपसात तुलना, सर्वात कार्यक्षम त्याला १ गुण) काढतेय. इनपुट तेलाचं उत्पन्न, आउटपुट मानव विकास निर्देशांक (आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून काढलेला आकडा). नायजेरियाला चक्क १ आलाय, नॉर्वे तळाला! आकडे चारदा तपासले. कुणीतरी लवकर सांगा.

दर्यावर्दी
उत्पन्न एकूण की दरडोई? मॉडेल सीआरएस (इनपुट दुप्पट तर आउटपुटही दुप्पट, असं धरणारं) की व्हीआरएस (तसं न धरणारं)? देश किती?

अण्णा_चेंबूर
नॉर्वेचं कौतुक जरा जास्तच होतं. माझी १४ वर्षं कुवेतमध्ये गेली. त्यांनी तेलाचा पैसा गुंतवणारं मंडळ १९५३ सालीच काढलं, नॉर्वेला तेलाचा पत्ताही नव्हता तेव्हा. नागरिकांना दवाखाना, शाळा फुकट. आम्ही कंपनीच्या कॅम्पात खोलीत आठ जण, पहाटे चारला नळावर रांग. तुमच्या सरासरीत आम्हीही धरलेले असतो, हे विसरू नका.

दर्यावर्दी
अण्णा, फंड आधी काढला हे मान्य. पण नॉर्वेत १९६९ साली तेल लागलं तेव्हा शाळा, कोर्टं, करवसुली सगळं जागेवर होतं. आज तेल कंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्के कर आहे. तेलाचा पैसा साठवणाऱ्या त्यांच्या सरकारी फंडातून वर्षाला साधारण ३ टक्केच काढायचे, २०१७ पर्यंत हे ४ होते. फरक तिथे पडतो.

उरणचा_मुलगा
आपल्या मुंबई हायबद्दल कुणी बोलणार का? १९७४ साली सागर सम्राट या रिगने (समुद्रात तेलविहीर खोदणारा तराफा) तेल शोधलं. बाबा १४ दिवस रिगवर, १४ दिवस घरी. आले की कपड्यांचा डिझेलचा वास दोन धुण्यांत जायचा नाही. समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी मात्र केंद्राला जाते.

श्रुती_कालिना
विषय भरकटतोय. दरडोई, व्हीआरएस, १५ देश, सगळे तेलवाले.

दर्यावर्दी
हे आधी सांगायचं ना! व्हीआरएसमध्ये ज्याचं इनपुट सगळ्यात कमी तो आपोआप १ येतो, कारण त्याच्या खाली तुलनेला कुणीच नसतं. नायजेरियाची लोकसंख्या २० कोटींच्या वर, माणशी तेलाचा पैसा फारच थोडा. आणि निर्देशांकात दरडोई उत्पन्न आधीच मोजलेलं असतं, म्हणजे तेल दोन्ही बाजूंना. आउटपुटला नुसतं आयुर्मान आणि शालेय वर्षं घ्या. इनपुटला दरडोई राष्ट्रीय उत्पन्न, आणि तेल नसलेले देशही घाला. नेपाळचं उत्पन्न नायजेरियाच्या जवळपासच, पण तिथे माणूस सरासरी सत्तरीपर्यंत जगतो, नायजेरियात पंचावन्नच्या आसपास.

मालाडकर७२
डीईए सोडा, सरळ रिग्रेशन (आकड्यांमधून सरासरी संबंधाची रेषा काढणं) लावा. शिवाय माझ्या भाच्याला अबुधाबीत सेफ्टी ऑफिसरची नोकरी मिळतेय. जावं का?

अण्णा_चेंबूर
करारातली राहण्याची अट आधी वाचा.

श्रुती_कालिना
दर्यावर्दी, इनपुट-आउटपुट तुम्ही सांगितल्याप्रमाणे बदलले, नेपाळही घातला. नायजेरिया १ वरून घसरला, नॉर्वे वर आला. कतार अजून खालीच आहे. तिथे बहुतेक रहिवासी परदेशी कामगार आहेत, ते कसे धरू?