फॉर्मल नाइट आणि इस्त्री

क्रूझवर सूट नसेल तर फॉर्मल नाइटला, म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री, जेवायलाच घेत नाहीत असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. नियम मुख्यतः मेन डायनिंग रूमपुरता असतो, बुफे चालूच असतो. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर तर सक्तीची फॉर्मल नाइट नसतेच. कडक म्हणाल तर क्युनार्ड कंपनी, पण तिथेही त्यांच्या क्वीन मेरी २ जहाजावर साध्या कपड्यांत किंग्ज कोर्ट बुफेला जाता येतं, आणि गाला इव्हनिंगला (त्यांची फॉर्मल नाइट) सूटऐवजी आपापल्या देशाचा पारंपरिक पोशाख केलेला चालतो, हे मला फार आवडलं.

पण इस्त्रीबद्दल कोणीच बोलत नाही. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर केबिनमध्ये इस्त्री किंवा कपड्यांना वाफ देणारा स्टीमर चालत नाही, माझी छोटी ट्रॅव्हल इस्त्री चढतानाच काढून घेतली आणि उतरताना परत दिली. नवऱ्याचा शर्ट पार चुरगळलेला, फॉर्मल नाइट दुसऱ्याच दिवशी, इतकं वाईट वाटलं ना! काही जहाजांवर इस्त्रीची सोय असलेली लाँड्री रूम असते, ते आधी विचारून ठेवा, आणि शर्ट गरम शॉवरच्या वाफेत टांगून ठेवला तरी बऱ्यापैकी सरळ होतो.