डेमो कॅसेट डिजिटल करताना झांजा दबतात

प्रश्न: छोट्या बँडच्या डेमो कॅसेट डिजिटल करतोय. काहींवर झांजा अगदीच दबक्या येतात. काय तपासू?

उत्तर १: आधी हेड (डेकचा टेप वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग अझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन, तपासा. आउटपुट मोनो करा, म्हणजे दोन चॅनलच्या फेजमधला (लहरींच्या वेळेतला) फरक लगेच कळतो. हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू किंचित किंचित फिरवा. झांज सर्वांत लख्ख वाजेल तिथे थांबा. डेमो वेगवेगळ्या डेकवर भरलेले असतात, त्यामुळे हा खटाटोप दर कॅसेटला.

उत्तर २: डेकवरची डॉल्बी (टेपची हिस, म्हणजे सळसळ, कमी करणारी सोय) बंद आहे ना? कॅसेट डॉल्बीविना भरलेली असेल आणि वाजवताना ती चालू असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सी दबणारच. रेकॉर्डिंग २४ बिट, पीक −६ डेसिबलच्या खाली.

उत्तर ३: नॉइज रिडक्शन जपून, हिससोबत रीव्हर्बही (आवाजाची घुमणारी शेपटी) जातो. मूळ फ्लॅक (गुणवत्ता न गमावणारी ऑडिओ फाइल) वेगळी ठेवा. इनले (कॅसेटच्या डबीतला कागद) स्कॅन कराच, वादकांची नावं बऱ्याचदा फक्त तिथेच सापडतात.