शाळा संपली, आता काम: ऑटिझम असलेल्या मुलासाठी सुरुवात कुठून?

प्रश्न
मुलगा १९ वर्षांचा, ऑटिझम आहे. वाचता येतं, बोलणं मोजकं, वस्तू क्रमाने लावण्यात हातखंडा. मुलाखतीत मात्र गप्प बसतो. आधी प्रशिक्षण द्यावं की थेट काम शोधावं?

उत्तर १
थेट काम. वर्गात खोटी खोकी भरायला शिकवलेलं खऱ्या गोदामात उतरतंच असं नाही. टेबल, आवाज, उजेड बदलला की पुन्हा पहिल्यापासून. १९९६ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात सुरू झालेला 'प्रोजेक्ट सर्च' हा उपक्रम याच विचारावर चालतो: मुलं खऱ्या आस्थापनेतच, वेगवेगळ्या विभागांत आळीपाळीने उमेदवारी करतात. विभाग बदलत गेले की काय जमतं ते कळतंच, पण काय सोसवत नाही तेही कळतं. मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

मुलाखतीच्या जागी दोन तास काम करून दाखवायची परवानगी मागा. डेन्मार्कमध्ये २००४ साली निघालेल्या 'स्पेशलिस्टर्ना' या ऑटिझम असलेल्यांना काम देणाऱ्या कंपनीने उमेदवारांना लेगोचे रोबो बांधायला देऊन पारखलं. मुलाखत टळतच नसेल तर प्रश्न आधी लेखी मागवा आणि "स्वतःबद्दल सांगा" हा तेवढा वगळायला सांगा.

उत्तर २
काम मिळाल्यावर पायऱ्या पाडा. 'बाटलीला लेबल लावणं' ही एक पायरी नव्हे. लेबल सोलायचं, वरची कड खुणेला भिडवायची, मधून कडेकडे दाबत जायचं, बाटली ट्रेमध्ये ठेवायची. कुठे अडतो ते तीन दिवस नुसतं लिहून काढा. पुष्कळदा घोडं सोलण्यापाशीच अडलेलं असतं आणि शिकवणारा चिकटवणं शिकवत बसतो! लेबलांचे कोपरे आधीच किंचित उचलून ठेवले तर निम्मा प्रश्न मिटतो. बाटली हलत असेल तर लाकडी खाच करून द्या.

सारखं "आता पुढचं घे" म्हणू नका. तो काम शिकत नाही, तुमच्या आवाजाची वाट बघायला शिकतो. चित्रांची पट्टी समोर लावा आणि अडला तर न बोलता पट्टीवर बोट ठेवा.

उत्तर ३
वरचं सगळं बरोबर, पण नोकरी बऱ्याचदा कामामुळे जात नाही. ती जाते मधल्या सुट्टीत, माल संपल्यावर, साहेब बदलल्यावर. "झालं की सांग" म्हणजे कुणाला? कार्डावर त्या माणसाचं नाव आणि फोटो हवा. "जरा वेळाने ये" म्हणजे किती? घड्याळातली वेळ लिहा. ट्रे संपले तर काय करायचं, याचं वेगळं कार्ड ठेवा.

आवाजाचा त्रास असेल तर कान झाकणारे हेडफोन चालतात, पण मालाच्या गाड्या फिरतात तिथे नकोत. तिथे बसायची जागाच बदला.

जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणारा माणूस, पहिल्या दिवसापासून मागे सरकायच्या बेताने उभा राहायला हवा: आधी शेजारी, मग चार हात लांब, मग दिवसातून दोन फेऱ्या. त्याची जागा सहकाऱ्याने घ्यायची, आणि तेही दोघांनी. एकच असला तर त्याच्या रजेच्या दिवशी सगळं ठप्प.

प्रश्नकर्ता
तास किती ठेवावेत?

उत्तर ३
दोनने सुरू करा. पुढे तास वाढवा किंवा नवं काम द्या. एकाच आठवड्यात दोन्ही नको. बिनसलं तर कशामुळे ते सांगता येणार नाही.