'पेगन'ला मराठीत काय म्हणावं? (आणि 'नाताळ' कुठून आला?)

प्रश्न
नाताळच्या चालीरीतींवर लेख लिहितेय. 'पेगन'साठी, म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे युरोपातले धर्म पाळणाऱ्यांसाठी, 'मूर्तिपूजक' लिहिलं, तर संपादकांनी खाली रेघ मारून परत पाठवलं. दुसरा कोणता शब्द चालेल? आणि 'नाताळ' हा शब्द मुळात कुठला?

उत्तर
आधी 'नाताळ'. तो पोर्तुगिजांचा 'नाताल'. त्याचं मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्माचा. १४९७ च्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून चालला होता, त्यालाही त्याने हेच नाव दिलं. आजच्या क्वाझुलू-नाताल प्रांताच्या नावात ते टिकून आहे. लॅटिन 'नातुस' आणि 'नवजात'मधला आपला 'जात' एकाच धातूकुळातले. म्हणजे शब्द बोटीतून आला असला तरी भाऊबंदच आहे.

पण 'नातालिस' ही चर्चची मिरास नव्हती. देवळाच्या वर्धापनदिनालाही रोमन लोक नातालिसच म्हणत. रोममध्ये इ.स. ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात २५ डिसेंबरसमोर 'अजिंक्याचा नातालिस' अशी नोंद आहे, आणि पुढे रथांच्या ३० शर्यती. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव सोल इन्विक्तुस, असा बहुतेकांचा अर्थ. सम्राट ऑरेलियनने २७४ साली त्याचं देऊळ उभारलं होतं. त्याच संग्रहातल्या दुसऱ्या यादीत त्याच तारखेला बेथलेहेमात ख्रिस्तजन्म नोंदवलाय! एकाच बाडात एका दिवशी दोघांचा जन्म. कोणी कोणाचा दिवस घेतला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. २५ मार्चला मरियेला ख्रिस्ताची गर्भधारणा झाली असं धरून पुढे नऊ महिने मोजले, असं मानणारा पक्षही भक्कम आहे. म्हणून लेखात 'सण चोरला' असं कृपया लिहू नका.

आता 'पेगन'. लॅटिन 'पागानुस' म्हणजे खेड्यातला माणूस. 'गावंढळ' शब्दात गावाचं जे झालं, तेच तिथेही झालं: राहण्याच्या जागेवरून हिणवणं सुरू झालं. 'मूर्तिपूजक' मला खटकतो, कारण तो एकाच आचारावर बोट ठेवतो, आणि मराठीत तो बहुधा दुसऱ्या कोणीतरी ठेवलेलं नाव म्हणूनच येतो. 'ख्रिस्तपूर्व' तर घोटाळाच करेल. वाचकाला वाटेल इसवी सनापूर्वीचा, आणि नॉर्वेत जुने देव दहाव्या शतकातही पुजले जात होते. 'बिगरख्रिस्ती' म्हटलं की ज्यू आणि मुसलमानही त्यात आले.

नॉर्वे-आइसलंडच्या जुन्या नॉर्स भाषेत जुन्या धर्माला 'फोर्न सिद्र' म्हटलेलं सापडतं, म्हणजे जुनी रीत. मला हे फार आवडतं. 'जुन्या रीतीचे लोक', 'जुन्या देवांचे सण' असं लिहा. पहिल्या उल्लेखात 'पेगन' देऊन अर्थ सांगा, पुढे मराठीच चालू द्या.

पुन्हा प्रश्न
छान. मग झाड, मिसलटोखाली चुंबन, हे सगळं 'जुन्या रीतीतलं' लिहू ना?

उत्तर
नको, तिथेच पाय घसरतो. सजवलेल्या झाडाचं जुनं वर्णन १६०५ चं, स्ट्रासबुर्गचं: दिवाणखान्यात फरचं झाड, त्यावर कागदी गुलाब आणि सफरचंदं. मिसलटो म्हणजे झाडांवर वाढणारं बांडगूळ. ते केल्ट लोकांचे ड्रुइड पुजारी सोन्याच्या विळीने कापत, असं पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो खरं. पण त्याखालच्या चुंबनाच्या नोंदी इंग्लंडात अठराव्या शतकापासूनच्या. मधल्या दीड हजाराहून जास्त वर्षांचा धागा कोणी दाखवलेला नाही.

भक्कम पुरावा नावांत आहे. 'यूल' बघा, उत्तर युरोपातल्या हिवाळी सणाचं जुनं नाव. 'जिउली' आणि 'योल' ही त्याचीच जुनी रूपं. बीड हा इंग्रज साधू ७२५ च्या सुमारास लिहितो की इंग्रजांच्या जुन्या पंचांगात डिसेंबर-जानेवारीला 'जिउली' म्हणत, आणि २५ डिसेंबरच्या रात्रीला 'आयांची रात्र'. नॉर्वेच्या हाकोन राजाने जुना 'योल' सण ख्रिस्ती लोकांच्या नाताळाच्या दिवसांवर आणला आणि प्रत्येकाने ठरल्या मापाची बिअर गाळावी असा हुकूम काढला, असं सागांत, म्हणजे आइसलंडच्या जुन्या गद्यकथांत, आहे. सणाचं नाव मात्र त्याने बदललं नाही. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वेत नाताळ अजून 'यूल'च. फिनलंडच्या सांताक्लॉजला 'योउलुपुक्की' म्हणतात, शब्दशः यूलचा बोकड.

बल्गेरियात नाताळ म्हणजे 'कोलेदा', पोलंडमध्ये नाताळगीत म्हणजे 'कोलेंदा'. दोन्ही लॅटिन 'कालेंदे'वरून, म्हणजे रोमन महिन्याचा पहिला दिवस. रोमन लोक जानेवारीचा तो दिवस भेटवस्तू देऊन साजरा करत. आपल्या भिंतीवरचं 'कॅलेंडर'ही त्याच घरातलं.

एक सांगतो. गोव्यात शेजारच्या ख्रिस्ती काकूंकडून नाताळात ताट येई: दोदोल आणि नेवऱ्या. नेवरी म्हणजे आपली करंजी, खोबऱ्याचं तेच सारण, तीच मुरड. चतुर्थीला आमच्याकडून त्यांच्याकडे जाई तीही हीच. तिचं 'मूळ' कुठलं हे विचारता येईल, पण काकूंच्या हातची नेवरी नाताळचीच होती. तुमच्या लेखात 'मूळ' हा शब्द जिथे जिथे येतो तिथे हे ताट डोळ्यांसमोर ठेवा आणि 'नाव जुन्या रीतीतलं', 'तारीख जुन्या सणाची', 'प्रथा नंतरची' असं वेगवेगळं लिहा.