मदत हवी आहे: लॅव्हनममधलं ग्रेड टू लिस्टेड घर, विनापरवाना खिडकी आणि सिमेंटचा गिलावा

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात लिस्टेड घर (ऐतिहासिक म्हणून सरकारी यादीत नोंदलेलं, बदलाला कौन्सिलची म्हणजे स्थानिक पालिकेची परवानगी लागणारं; ग्रेड टू ही त्यातली एक श्रेणी) घेतलेलं, किंवा घेता घेता मागे फिरलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा. महिनाअखेरीला काँट्रॅक्ट एक्स्चेंज (ज्यानंतर सौदा बंधनकारक होतो) करायचा विक्रेत्याचा आग्रह आहे आणि घरात आमचं दोघांचं अजून एकमत नाही.

गाव सफोकमधलं लॅव्हनम. मी बरी सेंट एडमंड्सला रुग्णालयात काम करते, ते ११ मैलांवर. नवरा केंब्रिजला जातो, त्याला गाडीशिवाय पर्याय नाही, कारण गावातली रेल्वे १९६० च्या दशकातच बंद झाली. हे सगळं आम्ही मान्य केलंय. गाव मनापासून आवडलंय. पंधराव्या-सोळाव्या शतकात निळ्या लोकरी कापडाच्या जोरावर ते इतकं गबर झालं की चर्चचा मनोरा १४१ फूट उंच बांधला. पुढे धंदा बसला, जुनं पाडून नवं बांधायला पैसा उरला नाही, आणि म्हणून ती वाकडी लाकडी घरं आजवर टिकली.

आम्ही पसंत केलेलं घर साधारण १५५० च्या आसपासचं. ओकची चौकट, मधल्या भिंती कामट्या विणून वर माती-गवत लिंपलेल्या, अगदी आपल्या कुडासारख्या. किंमत ४,२०,००० पौंड ठरली. मग लेव्हल थ्री सर्व्हे, म्हणजे घराची सगळ्यांत सखोल तपासणी, करून घेतली.

सर्व्हेच्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिले. मागच्या भिंतीला कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलाय. सर्व्हेअरने बोटाच्या पेरांनी टकटक केलं, आवाज पोकळ आला. मग तो गुडघ्यावर बसला आणि तळाच्या आडव्या तुळईत स्क्रू ड्रायव्हर टेकवला. जोर न लावता तो दोन बोटं आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला ओला, काळा भुसा चिकटला होता. मला एकदम वाईचा वाडा आठवला. बाबांनी मागच्या भिंतीचा चुना खरवडून सिमेंट केलं होतं, पक्कं व्हावं म्हणून. चार पावसाळ्यांत आतून लोणा लागला आणि सागाच्या खांबाचा पाय कुजला. चुन्यातून भिंतीचा ओलावा बाहेर पडतो, सिमेंटमागे तो कोंडतो. त्यामुळे दुरुस्ती करावीच लागणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या खर्चावर २० टक्के व्हॅटही आहे.

खरी अडचण पुढे आहे. स्वयंपाकघराची मागची खिडकी पीव्हीसीची, डबल ग्लेझिंगची आहे. हे घर १९५८ मध्ये यादीत आलं, म्हणजे खिडकी त्यानंतरचीच. परवानगीचा कागद विक्रेत्याकडे नाही. गिलावा १९५८ च्या आधीचा की नंतरचा, ते कळायला मार्ग नाही. लिस्टेड घरात परवानगीशिवाय असा बदल करणं १९९० च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे. तो गुन्हा करणाऱ्याला लागतो, आमच्यावर येत नाही. पण खिडकी काढून पूर्ववत करा अशी नोटीस मात्र आज जो मालक असेल त्याच्यावर निघते, आणि त्याला मुदत नसते. तीस वर्षं झाली म्हणून सुटका नाही.

विक्रेता म्हणतो, इंडेम्निटी इन्शुरन्स (पुढे कौन्सिलने कारवाई केली तर नुकसान भरून देणारा विमा) काढून देतो, एकरकमी थोडक्या हप्त्यात काम होतं. नवरा तयार आहे. आमच्या सॉलिसिटरने अट समजावून सांगितली: पॉलिसी हवी तर कौन्सिलशी या विषयावर एक शब्द बोलायचा नाही, आताही नाही आणि नंतरही नाही. आता मला सांगा, कुजलेली तुळई बदलायची, सिमेंट काढून चुना लावायचा, म्हणजे मला कौन्सिलच्या काँझर्व्हेशन ऑफिसरकडे, म्हणजे जुन्या इमारतींचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावंच लागणार. तो मागच्या भिंतीपाशी उभा राहील तेव्हा खिडकी त्याच्या नाकासमोर असेल. मग ही पॉलिसी आम्हाला कोणत्या कामाची?

माझं म्हणणं असं की विक्रेत्यानेच आता अर्ज करून हे नियमित करून घ्यावं. निर्णयाला नियमाप्रमाणे ८ आठवडे लागतात. तो थांबायला राजी नाही, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणतो. तुमच्यापैकी कुणी विक्रेत्याला असं थांबवू शकलंय का? की किंमत कमी करून घेऊन जोखीम अंगावर घेतली? नंतर कौन्सिलशी कसं निभावलं?

दुसरा प्रश्न स्टॅम्प ड्युटीचा. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, वाड्यात माझा एक तृतीयांश हिस्सा आहे. इथल्या नियमाने वारशाने आलेलं, परदेशातलं घरही धरतात, म्हणून पहिल्या घराची सवलत गेली. ६,००० ऐवजी ११,००० पौंड. तेवढ्यावर भागलं तर ठीक. पण हिस्सा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा ठरला तर दुसरं घर म्हणून आणखी ५ टक्के, म्हणजे एकूण ३२,०००! भावाच्या मते हिस्सा त्यापेक्षा बराच कमी भरेल. वाईतल्या सरकारमान्य व्हॅल्युअरचा दाखला कुणी इथे वापरलाय का? तो फक्त माझ्या हिश्श्याचा मागायचा की अख्ख्या वाड्याचा?

आणि एक घरगुती. चिमणीचा पाइप बाहेर काढायला भिंतीला भोक पाडायलाही परवानगी लागेल. तुळया इतक्या खाली आहेत की मोहरी तडतडली की तेल थेट चारशे-पाचशे वर्षांच्या ओकवर. कोळशाच्या फिल्टरची, हवा आतच फिरवणारी चिमणी रोजच्या फोडणीला पुरते का? सासूबाई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असतात, त्यामुळे स्वयंपाक कमी करू हे उत्तर चालणार नाही.

भर (रात्री ११): दोघांनी विचारलंय म्हणून लिहिते. एक्स्चेंज झालेलं नाही, १० टक्के डिपॉझिट दिलेलं नाही, त्यामुळे आज मागे फिरलो तर सर्व्हे आणि सॉलिसिटरचेच पैसे जातील. कौन्सिलला अजून फोन केलेला नाही. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढलेली जुन्या इमारतींच्या संरक्षणाची संस्था आहे, तिची तांत्रिक सल्ल्याची हेल्पलाइन आहे. तुळई आणि चुन्याबद्दल उद्या तिथे विचारणार आहे, घराचा पत्ता न सांगता. तोवर खिडकीबद्दल कुणाचा स्वतःचा अनुभव असेल तर तो आधी लिहा, शुक्रवारी सॉलिसिटरला उत्तर द्यायचंय.